हृदयाला यंत्राचा आधार, धोका पायाला : बलून पंप, इम्पेला आणि एक्मोमुळे रक्तवाहिन्यांना इजा कशी होते?

मोठ्या हृदयविकाराच्या झटक्यानंतर काही रुग्णांचे हृदय इतके थकते की अँजिओप्लास्टी होऊनही रक्तदाब वर येत नाही. हातपाय गार पडतात, लघवी कमी होते, रुग्ण गोंधळल्यासारखा बोलू लागतो. या अवस्थेला कार्डिओजेनिक शॉक म्हणतात. औषधांनी भागत नसेल तर डॉक्टर काही तास किंवा काही दिवस हृदयाला यंत्राचा आधार देतात. त्याआधी नातेवाइकांपुढे संमतीपत्र येते. त्यातल्या एका ओळीवर बहुतेक जण अडखळतात : पायाचा रक्तपुरवठा खंडित होणे, क्वचित पाय गमवावा लागणे.

आजार हृदयाचा आणि धोका पायाला, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पटत नाही. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या घरांसाठी तर हा धोका नुसता वैद्यकीय नाही. हलत्या नौकेवर उभे राहून जाळे ओढणाऱ्या खलाशाचा पाय म्हणजे त्याचा रोजगार. शिवाय अशी यंत्रे मोठ्या हृदयरुग्णालयांत असतात, त्यामुळे इथल्या रुग्णाला अनेकदा आंबा घाटातून कोल्हापूर किंवा महामार्गाने मुंबई गाठावी लागते. कोल्हापूर सुमारे १३० किलोमीटर, मुंबई साडेतीनशेच्या आसपास. एवढ्या प्रवासानंतर, परक्या शहरात, काही मिनिटांत सही करायची असते. ती ओळ तिथे का असते, हे आधीच माहीत असलेले बरे.

यंत्रे कोणती?

सर्वांत जुना आणि अजूनही सर्रास वापरला जाणारा म्हणजे बलून पंप. लांबट फुगा मांडीच्या धमनीतून वर सरकवून छातीतल्या महाधमनीत ठेवतात. हृदय सैल पडते तेव्हा फुगा हेलियम वायूने फुगतो आणि हृदयाच्या स्वतःच्या धमन्यांकडे जास्त रक्त ढकलतो. हृदय आकुंचन पावण्याच्या क्षणी तो चटकन रिकामा होतो, त्यामुळे हृदयाला रक्त बाहेर टाकणे सोपे जाते. हेलियम हलका असल्याने बारीक नळीतून वेगाने ये-जा करतो, म्हणून तोच वापरतात.

अमेरिकेत डॉ. एड्रियन कँट्रोविट्झ यांनी १९६७ मध्ये बलून पंप रुग्णावर पहिल्यांदा वापरला. याच डॉक्टरांनी त्याच वर्षी डिसेंबरमध्ये हृदयप्रत्यारोपणाचा प्रयत्न केला, आणि दोनच महिन्यांनी, फेब्रुवारी १९६८ मध्ये, मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. पी. के. सेन यांनी भारतातले पहिले हृदयप्रत्यारोपण केले. थकलेल्या हृदयाचे काय करायचे, हा प्रश्न तेव्हा ब्रुकलिनपासून परळपर्यंत एकाच वेळी विचारला जात होता.

दुसरे यंत्र इम्पेला. हा नळीच्या टोकाला बसवलेला छोटा पंप आहे. तो थेट डाव्या कप्प्यात जाऊन बसतो आणि तिथले रक्त उपसून महाधमनीत सोडतो. आतले पाते मिनिटाला हजारो फेरे घेते.

तिसरे एक्मो. यात शरीरातले रक्त जाड नळीने बाहेर काढतात, यंत्रात त्याला ऑक्सिजन देतात आणि परत शरीरात सोडतात. फुप्फुसांसाठीचे एक्मो रक्त शिरेतून काढून शिरेतच सोडते. कोविडच्या काळात बातम्यांत दिसले ते बहुतेक हेच. हृदयासाठीचे एक्मो मात्र रक्त शिरेतून काढून धमनीत सोडते, आणि पायाचा प्रश्न उभा राहतो तो मुख्यतः याच प्रकारात.

वाट मांडीतूनच का?

हृदयापर्यंत पोहोचायला शरीराच्या पृष्ठभागाजवळची, पुरेशी रुंद आणि दाबून धरता येईल अशी धमनी लागते. जांघेतली फिमोरल धमनी या तिन्ही अटी पुऱ्या करते. पण हीच धमनी त्या पायाचा मुख्य पाणवठा आहे. मांडी, पोटरी, पाऊल, सगळ्यांना रक्त जाते ते इथूनच.

आता मापे बघा. वैद्यकीय नळ्यांची जाडी फ्रेंच या एककात मोजतात. एक फ्रेंच म्हणजे मिलिमीटरचा तिसरा हिस्सा. बलून पंपाची नळी साधारण ७ ते ८ फ्रेंच, म्हणजे अडीच मिलिमीटरच्या आसपास. सध्या प्रचलित असलेला इम्पेला १४ फ्रेंच, म्हणजे पावणेपाच मिलिमीटर. एक्मोची धमनीत घालायची नळी १५ ते १९ फ्रेंच, म्हणजे पाच ते सव्वासहा मिलिमीटर. आणि प्रौढ माणसाची फिमोरल धमनी? साधारण ६ ते ९ मिलिमीटर. बायकांमध्ये आणि लहान चणीच्या माणसांत ती त्याहून बारीक असू शकते.

सात मिलिमीटरच्या धमनीत १७ फ्रेंचची नळी घातली तर आतली जवळजवळ दोन तृतीयांश जागा नळीच व्यापते. उरलेल्या फटीतून अख्ख्या पायाला रक्त जायचे असते. वयाने, मधुमेहाने किंवा तंबाखूने त्या धमनीत आधीच चरबीचे आणि चुन्याचे थर बसलेले असतील तर फटही उरत नाही. त्यात शॉकमधले शरीर हातापायांच्या रक्तवाहिन्या आपणहून आवळते, कारण त्याला मेंदू आणि हृदय वाचवायचे असते. रक्तदाब टिकवण्यासाठी दिलेली औषधेही त्या आणखी आवळतात. एकाच पायावर असे तीन-चार बाजूंनी संकट येते. त्यामुळे पाय गार पडला की दर वेळी कुणाची तरी चूक झाली असे मानणे बरोबर नाही. तो वेळेत ओळखला गेला नाही, तर मात्र प्रश्न विचारायला हवा.

बलून पंपाच्या सुरुवातीच्या काळात जांघ कापून, धमनी डोळ्यांनी बघून नळी बसवत. १९८० च्या सुमारास नुसत्या सुईने, कातडीवरून नळी घालण्याची पद्धत आली. काम मिनिटांवर आले, शल्यचिकित्सकाची वाट बघण्याची गरज उरली नाही. पण धमनी डॉक्टरांच्या डोळ्यांआडही झाली. सोनोग्राफीने ती आज पुन्हा दिसू लागली आहे.

पायाचे रक्त अडते तेव्हा

शुद्धीवरचा माणूस सांगतो : पाय दुखतोय, मुंग्या येताहेत, बोटे हलत नाहीत. डॉक्टर पाहतात की पाय पांढुरका पडला आहे, दुसऱ्या पायापेक्षा गार आहे, घोट्याजवळची नाडी लागत नाही. पण यंत्रावरचे बरेच रुग्ण व्हेंटिलेटरवर असतात, झोपेचे औषध चालू असते. ते ओरडू शकत नाहीत. म्हणून ओळखण्याची सगळी जबाबदारी बघणाऱ्यावर येते. इम्पेला किंवा एक्मोवर रक्ताचा प्रवाह ठोक्यांसारखा न राहता सलग होत असल्याने नाडी बोटांना लागेलच असे नाही. परिचारिका दर तासाला छोटे डॉपलर यंत्र पावलावर धरून ‘फुस्स फुस्स’ असा आवाज ऐकते, ते त्यासाठी. काही ठिकाणी पोटरीवर ऑक्सिजन मोजणारी पट्टी लावून दोन्ही पायांचे आकडे सतत ताडून पाहतात.

रक्त पूर्ण थांबले तर स्नायू आणि नसा साधारण सहा तासांत कायमच्या निकामी होऊ लागतात. नसा त्याआधीच कुरकुर सुरू करतात, म्हणून बधिरपणा आणि बोटे न हलणे ही धोक्याची पुढची पायरी समजली जाते.

रक्त परत सुरू झाले म्हणजे संकट टळले, असेही नाही. उपाशी राहिलेल्या स्नायूंना अचानक रक्त मिळाले की ते सुजतात. पोटरीचे स्नायू न ताणणाऱ्या कडक पडद्यांच्या कप्प्यांत बांधलेले असतात. सूज आतच कोंडते, दाब वाढतो आणि त्या दाबाने रक्तवाहिन्या पुन्हा मिटतात. याला कंपार्टमेंट सिंड्रोम म्हणतात. पोटरी दगडासारखी घट्ट लागते. उपाय म्हणजे पोटरीवर लांब छेद देऊन ते कप्पे मोकळे करणे. जखम काही दिवस उघडी ठेवावी लागते. नातेवाइकांना ती पाहवत नाही, पण पाय वाचवण्यासाठीच ती केलेली असते. मेलेल्या स्नायूंतून सुटलेली द्रव्ये मूत्रपिंडांवर भार टाकतात आणि पोटॅशियम वाढवून हृदयालाही गोत्यात आणतात. म्हणूनच कधी कधी जीव वाचवण्यासाठी पाय काढण्याचा निर्णय घ्यावा लागतो.

पाय गार लागला म्हणून गरम पाण्याची पिशवी ठेवणे किंवा तेल चोळणे हा घरगुती उपाय इथे घातक आहे. बधिर पायाला चटका कळत नाही, आणि रक्त नसलेली कातडी लगेच भाजते.

रक्तस्राव : दिसणारा आणि न दिसणारा

यंत्रात रक्त गोठू नये म्हणून रुग्णाला बहुतेक वेळा हेपारिनसारखे औषध द्यावे लागते. स्टेंट घातला असेल तर त्याच्या गोळ्या वेगळ्या. म्हणजे धमनीला मोठे भोक आणि रक्त गोठण्यास मज्जाव, अशी दुहेरी स्थिती. जांघेत निळसर काळा डाग पडणे, थोडे रक्त झिरपणे हे नेहमीचे. डॉक्टर खरे घाबरतात ते न दिसणाऱ्या रक्तस्रावाला.

सुई कुठे टोचली यावर बरेच काही ठरते. खुब्याच्या हाडाच्या गोल डोक्यासमोर टोचली तर नळी काढल्यावर धमनी त्या हाडावर दाबून धरता येते. त्याहून वर टोचली गेली तर मागे दाबायला हाड नाही. रक्त पोटाच्या मागच्या पोकळीत साठत जाते आणि बाहेरून थेंबही दिसत नाही. कंबर किंवा पाठ दुखणे, रक्तदाब उतरणे, हिमोग्लोबिन घसरणे एवढ्याच खुणा. खाली टोचली गेली तर धमनी बारीक असते, फांद्या फुटलेल्या असतात, शीर मागून आडवी गेलेली असते. तिथे दोन वेगळ्याच भानगडी होतात. एक, भोक न मिटता बाजूला रक्ताची धडधडणारी गाठ तयार होते, तिला खोटा धमनीफुगा म्हणता येईल. दोन, धमनी आणि शीर एकमेकींना जोडल्या जातात आणि धमनीतले रक्त पायाकडे न जाता थेट शिरेत वळते. लहान गाठ कधी आपोआप बंद होते. मोठीत सोनोग्राफीने बघत थ्रॉम्बिन टोचून ती गोठवतात, नाही तर आवरण असलेला स्टेंट किंवा शस्त्रक्रिया.

याशिवाय नळी सरकवताना धमनीचा आतला थर सोलला जाऊ शकतो. नळीवर जमलेली गुठळी सुटून खाली पायात किंवा वर मेंदूत जाऊ शकते. बलून खाली घसरला तर तो मूत्रपिंडाच्या धमन्यांची तोंडे झाकतो, फार वर गेला तर डाव्या हाताची. बलूनच्या पारदर्शक नळीत तपकिरी किंवा लाल कण दिसले तर फुगा फाटला असण्याची शक्यता असते आणि तो तातडीने काढावा लागतो. एक्मोवर ऑक्सिमीटर मुद्दाम उजव्या हाताच्या बोटाला लावतात. हृदय थोडे सावरले की फुप्फुसातून आलेले कमी ऑक्सिजनचे रक्त आधी उजव्या हाताकडे आणि मेंदूकडे जाते, यंत्राचे चांगले रक्त तिथपर्यंत पोहोचत नाही. पाय गुलाबी आणि चेहरा निळसर, असे उलटे चित्र तेव्हा दिसते.

मग ही यंत्रे लावतातच कशाला?

गेल्या काही वर्षांतल्या तीन मोठ्या चाचण्यांनी या प्रश्नाला तीन वेगवेगळी उत्तरे दिली आहेत. २०१२ मध्ये जर्मनीत ६०० रुग्णांवर झालेल्या चाचणीत बलून पंप लावलेल्यांपैकी ३९.७ टक्के रुग्ण ३० दिवसांत दगावले, न लावलेल्यांपैकी ४१.३ टक्के. फरक नगण्य. त्यानंतर झटक्यानंतरच्या शॉकमध्ये सरसकट बलून लावण्याची पद्धत मागे पडली.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एक्मोच्या चाचणीत चारशेहून अधिक रुग्ण होते. मृत्यू ४७.८ विरुद्ध ४९ टक्के, म्हणजे इथेही फायदा दिसला नाही. पण उपचार करावे लागतील अशी पायाच्या रक्तवाहिन्यांची इजा एक्मो गटात ११ टक्के आणि दुसऱ्या गटात ३.८ टक्के निघाली. मध्यम ते गंभीर रक्तस्राव २३.४ विरुद्ध ९.६ टक्के.

२०२४ मध्ये डेन्मार्क, जर्मनी आणि ब्रिटनमधल्या ३५५ रुग्णांवरच्या इम्पेलाच्या चाचणीने चित्र बदलले. सहा महिन्यांत इम्पेला गटातले ४५.८ टक्के आणि नेहमीच्या उपचारांच्या गटातले ५८.५ टक्के रुग्ण दगावले. हा फरक मोठा आहे. पण त्याची किंमतही नोंदली गेली. पायाचा रक्तपुरवठा अडण्याचे प्रमाण ५.६ विरुद्ध १.१ टक्का, रक्तस्राव २१.८ विरुद्ध ११.९ टक्के, आणि डायलिसिसची गरज ४१.९ विरुद्ध २६.७ टक्के. शिवाय हे रुग्ण निवडून घेतलेले होते. हृदय बंद पडून बेशुद्धच राहिलेल्यांना त्यात घेतले नव्हते. म्हणून हा निकाल उचलून प्रत्येक शॉकच्या रुग्णाला लावता येत नाही.

या आकड्यांवरून एवढे नक्की म्हणता येते की यंत्र लावायचे की नाही, हा प्रश्न आणि पाय सांभाळायचा कसा, हा प्रश्न वेगळे काढता येत नाहीत. पायाची इजा टाळता आली तर यंत्राचा फायदा आहे तसा रुग्णाच्या पदरात पडतो. नाही टाळता आली तर तो त्यातच खर्ची पडतो.

समाजमाध्यमांवर मात्र हा विषय वेगळ्याच वाटेने येतो. तमिळनाडूच्या मुख्यमंत्री जयललिता यांना डिसेंबर २०१६ मध्ये शेवटच्या काळात एक्मोवर ठेवले होते. त्यांचा पाय कापल्याची अफवा त्यांच्या मृत्यूनंतर बरीच फिरली, आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये डॉक्टरांनी पत्रकार परिषदेत ती फेटाळली. यंत्राने पायाला धोका असतो हे खरे, पण त्यावरून अमक्याचा पाय गेलाच असे ठरवणे चूक.

धोका कमी कसा करतात?

धमनी सोनोग्राफीवर बघून टोचणे, बारीक सुईने सुरुवात करणे, नळी घालण्याआधी रंगद्रव्य सोडून धमनीची रुंदी तपासणे, आणि शक्य तितकी बारीक नळी निवडणे. हृदयासाठीच्या एक्मोमध्ये मोठ्या नळीच्या खाली, पायाच्या दिशेने, एक छोटी वेगळी नळी घालून यंत्रातलेच थोडे रक्त त्या पायाकडे वळवतात. नौकेवरच्या मुख्य पाइपाला फाटा काढावा तसे. ही नळी शक्यतो सुरुवातीलाच घातलेली चांगली. पाय काळवंडल्यावर घातली तर बराच वेळ हातचा गेलेला असतो. मांडीची धमनी अगदीच खराब असेल तर काही यंत्रे खांद्याजवळच्या धमनीतून घालता येतात. आणि हृदय सावरले की यंत्र लवकरात लवकर काढणे, कारण प्रत्येक जादा दिवस गुठळी, रक्तस्राव आणि जंतुसंसर्गाची शक्यता वाढवतो.

नातेवाइकांच्या हातात काय असते?

डॉक्टरांना सहसा न कळणारी एक माहिती घरच्यांकडेच असते. ‘चालताना पोटरीत गोळा येतो, थांबलं की बरं वाटतं’, असे रुग्ण कधी म्हणत होता का? बंदराच्या चढावर मध्येच थांबावे लागत होते का? पायाची जखम महिनोन्‌महिने भरत नव्हती का? हे सगळे पायाच्या धमन्या आधीच अरुंद असल्याचे सूचक आहे. वयाची किंवा दिवसभर उभे राहण्याची कुरबूर समजून ते सोडून दिलेले असते. तंबाखू किंवा विडी किती वर्षे, मधुमेह किती जुना, पायाची बायपास किंवा स्टेंट झाला आहे का, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, हेही न विचारता सांगावे. जुने कागद मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवले असतील तर घाई-गडबडीत ते कामी येतात.

यंत्र लागल्यावर विचारण्याजोगे प्रश्न थोडेच आहेत. कोणत्या पायात नळी आहे? पायाकडे वेगळी नळी घातली आहे का, नसेल तर का? पाय दर किती वेळाने तपासला जातो? गरज पडली तर रक्तवाहिन्यांचे शल्यचिकित्सक याच रुग्णालयात आहेत का? शेवटचा प्रश्न लहान रुग्णालयातून मोठ्या रुग्णालयात हलवतानाही विचारावा. पंप लावूनच रुग्णवाहिका घाट चढणार असेल तर नळीचा पाय गुडघ्यात किंवा जांघेत वाकता कामा नये, आणि पाऊल चादरीखाली गुंडाळून न ठेवता सोबतच्या डॉक्टरांना किंवा परिचारिकेला दिसेल असे ठेवतात.

आयसीयूत भेटीची वेळ मिळाली की दोन्ही पावलांना हात लावून बघावे. एक स्पष्टपणे गार, पांढुरके किंवा डागाळलेले वाटले तर लगेच परिचारिकेला सांगावे. त्यात संकोच नको.

घरी आल्यानंतरही काही आठवडे जांघेकडे लक्ष ठेवावे लागते. तिथे नवी गाठ येणे, ती धडधडणे, जखमेतून पू किंवा ताप, एका पायाला अचानक सूज, चालताना नव्याने पोटरी भरून येणे, यांपैकी काहीही दिसले तर सोनोग्राफी लागते. पाऊल वर उचलता न येणे किंवा अंगठ्याजवळ बधिर वाटणे हे नस दुखावल्याचे लक्षण असू शकते. ती भरून यायला महिने लागतात आणि फिजिओथेरपी लवकर सुरू केली तर उपयोग होतो. खलाशाने पुन्हा नौकेवर कधी जायचे, हे हृदयाची ताकद आणि पायाचा तोल या दोन्हींवर ठरते. त्यामुळे पावसाळी मासेमारी बंदी संपते तेव्हा, १ ऑगस्टला, नौकेवर जाण्याआधी हृदयाच्या डॉक्टरांबरोबर पायही दाखवून घ्यावा.